हिरवी पट्टी भरली तेव्हा

यास्मिन कागदीला खोटं बोलता येत नाही, हे जुन्नरच्या पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते कौतुकानं कुणी म्हणत नाही, कटकट म्हणूनच म्हणतात. लग्नात जेवण कसं झालंय असं विचारलं, तर बिर्याणीत मीठ कमी पडलंय हे ती थेट यजमानीणबाईंना सांगते. तिला बघायला पाहुणे आले होते तेव्हा 'स्वयंपाक येतो का' या प्रश्नाला ती 'पोटापुरता' म्हणाली. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. तिच्या आईनं कपाळाला हात लावला, आणि नंतर सवय करून घेतली.

कागदी हे आता नुसतं आडनाव उरलंय. एके काळी तिच्या घरात खरोखरच हातानं कागद बनायचा. फाटका ताव दस्त्याच्या पोटात दडवायचा नाही, वरच ठेवायचा, घेणाऱ्याला आधी तोच दिसला पाहिजे, असं तिचे आजोबा बजावायचे. कागद कधीच बंद पडला. ही खोड तेवढी नातीच्या वाट्याला आली, आणि तिनं ती कागदावरून कॉम्प्युटरवर नेली.

नीलम तिची कॉलेजातली मैत्रीण. पोपटलाल शेठजींची मुलगी, गोड बोलणारी. भांडायला आलेलं गिऱ्हाईक तिच्यासमोर दोन मिनिटं बसलं की जाताना 'येतो ताई' म्हणून जायचं. शेठजींच्या किराणा दुकानाच्या वरची खोली रिकामी होती. तिथं दोघींनी मिळून जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम सुरू केलं. कुणाच्या घरी लग्नाची कॅसेट बुरशी धरून पडलेली असायची, कुणाकडं गेलेल्या माणसाची एवढीच एक हालती खूण असायची. यास्मिन कॅसेटमधली पट्टी पुसायची, जोडायची, जुन्या मशीनमध्ये चालवायची आणि तिची फाईल करायची. नीलम माणसं सांभाळायची. पाटीवर दोघींची नावं होती आणि दोघींनाही त्याचा भारी अभिमान होता.

या धंद्याला एक रीत होती, आणि तीच त्यांची अब्रू होती. घरच्या बायाबापड्यांची चित्रं परक्या दुकानात पडून राहायला कुणाला नको असतात. मुसलमानांच्या घरात नको असतात, जैनांच्या घरात नको असतात, कुणाच्याच नको असतात. म्हणून यास्मिननं पहिल्या दिवशीच शब्द दिला होता: तुमची फाईल तुमच्या हातात पोचली, की आमच्याकडं तिची एकही प्रत राहणार नाही. लांबच्या लोकांसाठी तिनं एक वेबपान बनवलं होतं. त्यावरून माणूस आपल्या गावात बसून फाईल उतरवून घ्यायचा, ती उघडून बघायचा, आणि नीट चालली की पानावरचं 'मिळाली' असं लिहिलेलं बटण दाबायचा. तो निरोप आला की यास्मिन नेटवरची प्रत पुसायची, दुकानातलीही पुसायची. दाबणारा हात मात्र घेणाऱ्याचाच हवा, असा तिचा हट्ट होता.

आता अडचण होती ती जुन्या ब्राउझरची. नव्या ब्राउझरमध्ये फाईल येत असते तेव्हा तो मधूनमधून कळवतो, एवढी आली, आता एवढी आली. त्या निरोपांवरून पडद्यावर हिरवी पट्टी सरकवता येते. पण वाड्यावस्त्यांवर जे कॉम्प्युटर होते ते शहरात वापरून टाकलेले, त्यांतले ब्राउझर त्याहून जुने. ते फाईल निघाली म्हणून सांगायचे आणि संपली म्हणून सांगायचे. मधल्या वाटेबद्दल चकार शब्द नाही. घरोघरी फोन नव्हते तेव्हा पुण्याहून एसटीत बसलेला पाहुणा जुन्नर स्टँडवर उतरेपर्यंत कुठं आहे हे कुणाला कळायचं नाही, तसलाच प्रकार. यास्मिननं बऱ्याच खटपटी करून पाहिल्या. शेवटी जुन्या ब्राउझरसाठी पट्टीच काढून टाकली आणि तिथं एवढंच लिहिलं: 'फाईल येते आहे. किती आली ते हा ब्राउझर सांगत नाही. कृपया थांबा.'

नीलमला ते वाक्य डोळ्यासमोर नको व्हायचं.

"अगं, असं कुणी लिहितं का? लोक घाबरतात. दिवसभर मला फोन, ताई किती आली, ताई अडकली का."

"मग सांग ना, माहीत नाही म्हणून."

"धंद्यात माहीत नाही म्हणतात होय? हॉटेलात भज्यांना वेळ लागणार असला, की वेटर आधी पाणी आणून ठेवतो की नाही?"

"पाणी ठेवतो. भजी आली असं म्हणत नाही."

नीलम हसली आणि विषय सोडला. निदान यास्मिनला तरी वाटलं की सोडला. तिचं तसंच आहे. आपण एकदा नाही म्हटलं की समोरच्याला ते नाहीच ऐकू गेलं असणार, यावर तिचा लहान मुलासारखा भरवसा.

मग यास्मिनच्या बहिणीचं, आरफाचं, बाळंतपण आलं. यास्मिन मंचरला तिच्याकडं जाऊन राहिली. परत आली तेव्हा दुकानात कशी शांतता होती. फोन बंद झाले होते. 'मिळाली'चे निरोप भराभर येत होते. एरवी लोक बटण दाबायला विसरायचे, फाईली साठून राहायच्या आणि नेटवरची जागा भरली म्हणून नीलम कुरकुर करायची. आता सगळं कसं साफ.

"बघ, लोक शिकले," यास्मिन खुशीत म्हणाली.

"शिकले खरे," नीलम म्हणाली आणि तिनं बशीत चहा ओतला.

त्याच सुमाराला नीलमच्या आजीची, धापूबाईंची, वर्षीतपाच्या म्हणजे वर्षभराच्या उपवासांच्या पारण्याची कॅसेट यास्मिननं उतरवून दिली. नगरच्या नातेवाइकांना ती फाईल हवी होती, आणि त्यांच्याकडंही जुनाच कॉम्प्युटर होता. नीलमनं ती पेन ड्राइव्हवर भरून एसटीनं पाठवली. "घरचं आहे, कशाला नेटच्या भानगडीत," एवढंच म्हणाली. यास्मिनला त्यात काही खटकलं नाही. मैत्रिणीच्या बोलण्यात खोट शोधायची तिला सवय नव्हती.

सावळेराम आले ते असे सगळं सुरळीत चाललेलं असताना. डिंभ्याचे, म्हातारे, धरणाच्या पाण्यात मासे धरणारे. गाडीचा भरवसा नाही म्हणून पहाटेच घर सोडलं होतं, आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळून एक कॅसेट आणली होती. त्यांचं जुनं गाव धरणाखाली गेलं. ज्या घरात ते जन्मले त्या घरावरून आता त्यांची होडी जाते. गाव उठायच्या आधी शेवटची यात्रा झाली, तेव्हा कुणा पाहुण्यानं मुंबईहून कॅमेरा आणून पालखीचं शूटिंग केलं होतं.

"पालखी देवळातनं निगती आन् घराघरासमोर थांबती," ते सांगत होते. "आमचं घर शेवटाला व्हतं. आई आरती घ्यून उभी व्हती. तिचा फोटू न्हाई आमच्याकडं, एक बी न्हाई. ह्येच काय ते. म्या तवा पालखीला खांदा दिल्याला, मागं वळून बगितलं न्हाई."

यास्मिननं कॅसेट उघडली आणि तिचा चेहरा पडला. पट्टी इतकी जुनाट झाली होती की ती एकदाच चालेल, दुसऱ्यांदा नाही, हे तिनं तिथल्या तिथं सांगितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. एकदाच तर एकदाच.

पट्टी एकदाच चालली. यास्मिन श्वास धरून मशीनपुढं बसली होती. देऊळ दिसलं, पालखी निघाली, एकेक घर येत गेलं. बाया औक्षण करत होत्या, पोरं कॅमेऱ्यात तोंड घालत होती. शेवटी ते घर आलं. हिरव्या लुगड्यातल्या एका बाईनं आरती ओवाळली. पालखी पुढं गेली, पण कॅमेरावाला का कोण जाणे तिथंच थांबला. त्या बाईनं ताट खाली ठेवलं, उंबऱ्यावर बसली आणि उंबऱ्यावर हात पालथा ठेवला. निजलेल्या लेकरावर ठेवावा तसा. मग बराच वेळ उठलीच नाही. त्यानंतर पट्टी तुटली.

यास्मिनचे डोळे भरून आले. सावळेराम खाली दुकानात पोत्यावर बसले होते. ती धावत जिना उतरली आणि सगळं चांगलं आलंय म्हणाली.

"दाखवू का?"

"नगं. कोंडी हाय, माजी बहीण. वस्तीवरली समदी हायेत. समद्यांनी मिळून बगायचं."

उंबऱ्याचं तिनं सांगितलं नाही. ही गोष्ट आपण सांगायची नाही, यांनीच बघायची, असं तिला वाटलं. वस्तीवर चिमाजी नावाच्या माणसाचं दूध संकलन केंद्र होतं आणि तिथं कॉम्प्युटर होता. पुन्हा एवढ्या लांब हेलपाटा नको म्हणून फाईल तिथंच उतरवायची असं ठरलं. चार दिवसांनी 'मिळाली'चा निरोप आला. यास्मिननं नेटवरची प्रत पुसली, दुकानातली पुसली. दिलेला शब्द पाळल्याचं समाधान तिला नेहमी वाटायचं. त्या दिवशी जरा जास्तच वाटलं.

पुढच्या आठवड्यात सावळेराम पुन्हा दारात उभे.

"पोरी, अर्दंच हाय गं. पालखी निगती, आन् आमच्या घरापाशी यायच्या आदीच बंद पडतंय."

यास्मिनच्या पायाखालची जमीन सरकली. "काका, पण तुम्ही 'मिळाली' दाबलंत ना? उघडून बघायच्या आधीच दाबलंत का?"

"म्या काय दाबलं न्हाई. पट्टी भरत भरत गेली, हिरवी. भरली, तवा 'काम झालं' असं आलं. मंग चिमाजीनं मशीन बंद केली."

"कसली पट्टी?" यास्मिन विचारायला लागली, पण नीलम पुढं झाली. तिनं म्हाताऱ्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मऊ आवाजात म्हणाली, "काका, चुकून हात लागला असेल तुमचा. होतं असं. बटण बारीक असतं ना."

सावळेराम आपल्या हाताकडं बघत राहिले. जाळं ओढून ओढून बोटं सुजलेली, नखं फुटलेली.

"लागला आसंल," ते म्हणाले. "आमचं हात आडाणी."

यास्मिनही त्यांच्यावर थोडी चिडली होती, हे सांगायला हवं. उघडून बघा असं इतकं ठळक लिहिलं असताना का बघितलं नाही, असं तिला वाटून गेलं. ती तसं बोललीही, जरा कडकच. म्हातारा ऐकून घेत राहिला. मग सोबत आणलेली तुटकी कॅसेट परत सोग्यात बांधून जिना उतरून गेला. आईची एकुलती एक खूण आपल्याच हातानं पुसली, असं समजून गेला.

पण 'हिरवी पट्टी' हा शब्द यास्मिनच्या डोक्यातून जाईना. जुन्या ब्राउझरला तिनं पट्टी दिलीच नव्हती. दुकानातले कॉम्प्युटर नवे, त्यांवर खरी पट्टी दिसायची, म्हणून जुन्यावर काय दिसतं ते पाहायची वेळच आली नव्हती. जेवायला घरी न जाता तिनं माळ्यावरचा चाचणीचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, धूळ झटकली, आपलं पान उघडलं आणि एक मोठी फाईल मागवली.

तिचं वाक्य तिथं नव्हतं. त्या जागी सुबक हिरवी पट्टी होती, आणि ती सरकत होती.

यास्मिन बघत राहिली. मग तिनं वाकून नेटची वायर उपसली. वायर तिच्या हातात लोंबत होती. पट्टी सरकतच होती. निम्म्याच्या पुढं गेली, थोडी अडखळल्यासारखी झाली, पुन्हा सरकली. कुणीतरी विचार करून तिला ती अडखळ घातली होती, खरी वाटावी म्हणून. पट्टी शेवटाला पोचली आणि पडद्यावर आलं: 'काम झालं. धन्यवाद.'

तिनं पानाचं पोट, म्हणजे त्यामागचा कोड, उघडून पाहिला. मांडणी कुणाची हे ओळखायला वेळ लागला नाही. नीलमचा भाऊ कल्पेश पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, त्याची लिहायची ढब तिच्या ओळखीची होती. पट्टीचा फाईलशी काडीचा संबंध नव्हता. ती घड्याळावर चालत होती. आणि भरली की माणसाला न विचारता 'मिळाली'चं बटण स्वतःच दाबत होती.

म्हणजे लोक शिकले नव्हते. आपण मंचरला आरफाच्या बाळाला न्हाऊ घालत होतो तेव्हा आपल्या पाठीमागं हे झालं होतं. ती वायर हातात धरून तशीच बसली. 

नीलम डबा घेऊन वर आली. तिनं जुना कॉम्प्युटर पाहिला, वायर पाहिली, आणि डबा खाली ठेवला.

"मी सांगणारच होते तुला."

"कधी?"

"अगं, नुसती पट्टी आहे ती. लोकांना धीर यावा म्हणून. बहुतेकांची फाईल तेवढ्या वेळात येतेच. फोन बंद झाले तेव्हा तूच खूश झालीस की नाही?"

"आणि बटण?"

"लोक दाबत नव्हते. जागा किती भरत होती तुला माहीत आहे." नीलमचा आवाज अजून गोडच होता. "यास्मिन, तुझ्या त्या वाक्यानं धंदा बुडाला असता. कुणीतरी सांभाळायला हवं होतं."

"काकांना म्हणालीस, तुमचा हात लागला. माझ्यासमोर म्हणालीस. आणि मी त्या म्हाताऱ्या माणसाला बोलले, नीलम. तू मला बोलू दिलंस. पाणी दिलंस त्यांना आणि मला बोलू दिलंस."

नीलम वाकून डबा उघडायला लागली.

"धापूबाईंची फाईल तू पेन ड्राइव्हवर का पाठवलीस?"

आता मात्र नीलमचा चेहरा उतरला. घरच्या आजीची फाईल तिनं त्या पट्टीच्या भरवशावर सोडली नव्हती. दुसऱ्यांच्या आया सोडल्या होत्या. यास्मिनला पट्टीचा राग आला होता, बटणाचा आला होता, पण या एका गोष्टीनं तिच्या आतलं काहीतरी कायमचं मोडलं. चुकून घडलेलं असतं तर तिनं गिळलं असतं. हे माहीत असून घडलं होतं.

"मी येते डिंभ्याला," नीलम शेवटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. "मी स्वतः सांगते काकांना. माझी चूक होती म्हणून सांगते. शपथ."

यास्मिननं पुन्हा एकदा भरवसा ठेवला. इतक्या वर्षांची मैत्री अशी एका दुपारात टाकून देता येत नाही, दुसरं काय.

दोघी डिंभ्याला पोचल्या तेव्हा दूध घालायला आलेली माणसं केंद्रावर अजून रेंगाळत होती. नीलमनं पेढ्यांचा पुडा आणला होता. यास्मिननं आधी कॉम्प्युटर उघडून अर्धवट फाईल तपासली. जेवढी आली होती तेवढीच होती, पुढचं काही हाती लागण्यासारखं नव्हतं. सावळेराम भिंतीला टेकून उभे होते. यास्मिननं नीलमकडं पाहिलं. नीलम पुड्याची दोरी सोडण्यात गुंतली होती. यास्मिन थांबली. अजून थोडं थांबली. दोरीची गाठ काही सुटेना.

मग यास्मिनच बोलली. "काका, तुम्ही काही दाबलं नव्हतं. आमच्या पानात खोट होती. फाईल आली नसताना आली म्हणून त्यानं सांगितलं. तुमचा हात लागला नव्हता. मी तुम्हाला उगाच बोलले. माफ करा मला."

"मंजे म्या न्हवतं पुसलं?"

"नाही काका."

म्हातारा गर्रकन वळला. "आयकलंस का कोंडे? म्या न्हवतं पुसलं!"

कोंडाबाई दाराशी बसल्या होत्या. एवढे दिवस त्या भावाशी धड बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. सावळेराम यास्मिनवर रागावले नाहीत. ते इतके हलके झाले होते की रागावायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. 'आमच्या पानात' या शब्दाआड नीलम सुखरूप उभी होती. दोरी सुटली आणि ती पेढे वाटायला लागली.

"लावा की मंग, हाय त्येवढं तरी," चिमाजी म्हणाले.

सगळे पुढं सरकले. पडद्यावर देऊळ आलं. पाण्याखाली गेलेलं गाव उन्हात लखलखत होतं. माणसं नावं घेऊ लागली, हा अमक्याचा बा, ही तमक्याची आजी. तरणे सावळेराम पालखीखाली दिसले तेव्हा बाया हसल्या. एक घर झालं, दुसरं झालं. पालखी शेवटच्या घराकडं वळायला लागली आणि चित्र थिजलं.

 सावळेराम पडद्याकडंच बघत होते, थोडं थांबलं तर पुढं सरकेल अशा आशेनं. मग त्यांनी विचारलं, "पोरी, म्होरलं तू बगितलंयस ना?"

"हो काका."

"आई दिसली का?"

"दिसली. हिरवं लुगडं होतं. आरती ओवाळली त्यांनी."

"हिरवंच!" कोंडाबाई म्हणाल्या. "लग्नातलं व्हतं तिचं."

"आन् मंग? मागं ऱ्हायली तवा काय करत व्हती? कशी व्हती?"

यास्मिननं श्वास घेतला. ताट, उंबरा, पालथा हात, सगळं तिच्या डोळ्यांपुढं लख्ख होतं. ते आता फक्त तिच्याकडं होतं, जगात दुसऱ्या कुणाकडं नव्हतं, आणि ते जसंच्या तसं या दोघा भावंडांच्या हवाली करायचं एवढंच काम तिच्यापुढं उरलं होतं. कुठून सुरुवात करावी म्हणून ती क्षणभर शब्द शोधत राहिली.

"हसत होत्या, काका," नीलम म्हणाली. "छान हसत होत्या."

यास्मिननं मान वळवली. नीलमनं त्या चित्रणातला एक कणसुद्धा पाहिलेला नव्हता. हातात पेढ्यांचा पुडा होता आणि चेहऱ्यावर तीच माया, जिच्यापुढं भांडायला आलेली माणसं 'येतो ताई' म्हणून जायची.

"हसत व्हती?" सावळेरामांचा आवाज चिरकला. "गाव सोडताना रडली न्हाई? म्या वळून बगितलं न्हाई म्हून तिला वाईट वाटलं आसंल, आसं वाटायचं मला. इतकी वर्सं वाटायचं." त्यांनी डोळे पुसले आणि यास्मिनकडं वळले. "व्हय का गं पोरी? हसत व्हती?"

वस्तीवरची सगळी माणसं तिच्याकडं बघत होती. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला होता. आता खरं सांगायचं म्हणजे तो उजेड आपल्या हातानं विझवायचा. नीलमनं तिच्यासाठी दुसरी वाटच ठेवली नव्हती.

"हो," यास्मिन म्हणाली.

सावळेरामांनी नीलमच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला. मग यास्मिनच्याही डोक्यावर ठेवला. तो हात तिला सहन होईना.

परतीची गाडी बऱ्याच वेळानं आली. दोघी एका बाकावर बसल्या. नीलम मोकळी झाली होती, खिडकीतून पाणी बघत होती. थोड्या वेळानं तिनं यास्मिनच्या हातावर हात ठेवला. "बघितलंस? किती बरं वाटलं त्यांना. आपलं एवढंच तर काम असतं."

यास्मिननं हात काढून घेतला. तिला ओरडायचं होतं. त्या बाईनं उंबऱ्यावर हात ठेवला होता, हे तिला गाडीतल्या प्रत्येकाला सांगायचं होतं. पण ती ज्यांची आई होती त्यांना ते आता कधीच सांगता येणार नव्हतं. कॅसेटची पट्टी तुटली, फाईल अर्धी राहिली, आणि उरलेलं होतं ते आज नीलमनं पुसलं. यास्मिनच्याच तोंडून पुसून घेतलं.

घोडेगावला गाडी थांबली. यास्मिन उठली, पर्समधून दुकानाची किल्ली काढली आणि नीलमच्या मांडीवर ठेवली.

"अगं, कुठं चाललीस? जुन्नर अजून लांब आहे!"

"माहीत आहे," यास्मिन म्हणाली, आणि उतरली.